ओढाओढ

गेल्या वर्षी पौष महिन्यात, म्हशाची यात्रा आटोपल्यावर चार-पाच दिवसांनी, आमच्या गावाच्या माळावर दोन पिकअप गाड्यांची ओढाओढ झाली. एक गाडी किन्हवलीकडची, म्हणजे शहापूर तालुक्यातली. दुसरी आमची, मुरबाड तालुक्यातली. दोन्ही गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या केल्या, मध्ये साखळी बांधली, जमिनीवर चुन्याच्या दोन रेघा मारल्या आणि जी गाडी दुसरीला आपल्या रेघेपलीकडे ओढून नेईल ती जिंकली असे ठरले. बक्षीस काही नव्हते. हरणाऱ्याने सर्वांना वडापाव द्यावयाचा, एवढीच पैज. दोन्ही चालक एकमेकांचे जुने मित्र. आमच्या गाडीवर माझा दादा होता.

महाविद्यालयाच्या वार्षिकात हा विषय शोभेल का, याचा मी बरेच दिवस विचार केला. आपल्या अंकात हुंड्यावर लेख येतात, पहिल्या पावसावर येतात, वाचनाच्या आवडीवर तर दरवर्षी येतात. पिकअप गाडीवर कोणी लिहिल्याचे मी वाचले नाही. वास्तविक आपल्यापैकी निम्मी मुले एस. टी. चुकली की पिकअपच्याच हौद्यात उभी राहून महाविद्यालयात येतात. एका प्राध्यापकांना मी विषय सांगितला तेव्हा ते हसून म्हणाले, "रिकामटेकड्यांचे उद्योग आहेत ते. त्यावर काय लिहिणार?" सरांविषयी पूर्ण आदर बाळगून मला म्हणावयाचे आहे की, हे मत मला मान्य नाही. आणि या ओढाओढीत काहीच वाईट नाही, ती निव्वळ मर्दानी गंमत आहे, असे जे आमच्या गावची मंडळी म्हणतात, तेही मला मान्य नाही.

प्रथम रिकामटेकडेपणाविषयी. आमच्याकडे भाजीची गाडी रात्री भरतात. भेंडी, काकडी, कारली, जो हंगाम असेल त्याप्रमाणे. मध्यरात्रीनंतर गाडी निघते आणि पहाटेच्या आत कल्याणच्या बाजारात लागते. परत येताना कोणाचे सिमेंट, कोणाचे पत्रे, दुकानदाराचा किराणा. दुपारी दोन तास झोप. संध्याकाळी विटा नाहीतर लग्नाच्या मांडवाचे सामान. भाद्रपदात याच हौद्यातून गणपती येतात आणि रात्री-अपरात्री बाळंतीण अडली तर तीही याच हौद्यातून तालुक्याला जाते. जो मनुष्य असा राबतो त्याला वर्षातून एका दुपारी खेळावेसे वाटले, तर त्याला रिकामटेकडा म्हणणे बरोबर नाही.

शिवाय हा खेळ कोठून आला हेही पाहिले पाहिजे. आमच्याकडे अडकलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून काढण्याला 'टोचन' म्हणतात. पावसाळ्यात आडवाटेच्या मुरुमाच्या रस्त्यांवर गाडी रुतली नाही असा चालक मिळणार नाही. आणि रस्त्यावरचा अलिखित नियम असा की, मागून जी पहिली गाडी येईल तिने थांबावयाचे, दोर बांधावयाचा आणि ओढून काढावयाचे. त्याचे पैसे कोणी मागत नाही. दादाची गाडी दोन वर्षांपूर्वी आषाढात रुतली तेव्हा तिला टोचन देणारा तो किन्हवलीचा चालकच होता. त्यांची ओळख तेथेच झाली. "तुझी गाडी मीच काढली होती" आणि "तेव्हा भरलेली होती म्हणून, रिकामी असती तर मीच तुला ओढला असता" अशी थट्टा दोन वर्षे चालली आणि तिचा शेवट माळावर झाला. म्हणजे ही ओढाओढ वैरातून आलेली नाही. उपकारातून आलेली आहे. मला तर ती नवरा-नवरीच्या नाव घेण्यासारखीच वाटते. हसत हसत चालते, पण पाहणाऱ्यांचे लक्ष कोण अडतो याकडेच असते.

ओढण्याची चढाओढ माणसाला नवी नाही. आपल्या स्नेहसंमेलनात रस्सीखेच असतेच. ही रस्सीखेच १९०० पासून १९२० पर्यंत ऑलिंपिक सामन्यांतही होती हे कित्येकांना ठाऊक नसेल. आंध्र प्रदेशात संक्रांतीच्या सुमारास ओंगोल जातीच्या बैलांकडून मोठा शिलाखंड ओढवून घेतात. पंजाब-हरियाणात दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने जोडतात आणि इंजिनांच्या आरोळ्यांत एकमेकांना ओढतात. तेथेही त्याला टोचनच म्हणतात. अमेरिकेत तर ट्रॅक्टर ओढण्याच्या स्पर्धा १९२९ सालापासून भरू लागल्या, आणि सर्वत्र नियम सारखे असावेत म्हणून १९६९ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. मुरबाडच्या माळावर जे झाले ते या साऱ्यांचे धाकटे भावंड.

आता त्या दिवसाविषयी. भात निघून गेलेले, खाचरे कोरडी ठणठणीत, माळावर धुरळा. दोन्ही गावांची मिळून दीड-दोनशे माणसे असतील. आम्ही बायका-मुली बांधावर, जरा दूर. इशारा झाला, दोन्ही गाड्या गुरगुरल्या, साखळी ताठ झाली आणि मग काहीच झाले नाही! इंजिने ओरडत होती, मागची चाके जागच्या जागी फिरून माती उधळीत होती, पण गाड्या वीतभरही हलेनात. मग किन्हवलीची गाडी आमच्या गाडीला हळूहळू ओढू लागली. आमची माणसे ओरडली, "वजन टाका, वजन टाका!"

हे वजनाचे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. पण नववीच्या विज्ञानात शिकलेले घर्षण अजून विसरलेले नाही. साखळीच्या दोन्ही टोकांना ताण सारखाच असतो. तेव्हा कोणाचे इंजिन मोठे यावर निकाल लागत नाही. कोणाची चाके जमिनीला घट्ट धरून राहतात यावर लागतो. पिकअपला जोर मागच्या चाकांवर मिळतो आणि हौदा रिकामा असला की तीच चाके हलकी पडतात. अशा वेळी इंजिनाचा सारा जोर चाक घसरवण्यात जातो. पूर्वी आमच्या वडिलांनी चिखलात रुतलेली एक जीप बैलजोडी लावून काढली होती. त्या गोष्टीचे मला लहानपणी मोठे नवल वाटे. बैलाची शक्ती सुमारे अर्ध्या अश्वशक्तीची धरतात. जीपमध्ये त्याच्या कितीतरी पट शक्ती. तरी दोन बैलांनी तिला काढलीच. कारण उघड आहे. चाक फिरून फिरून आपलाच खड्डा खणत होते. बैलांचे आठ खूर मात्र मातीत रुतून पकड घेत होते.

म्हणून माळावर जो तो वजनाच्या मागे. आणि वजन म्हणजे काय? माणसे. "चढा रे, चढा!" म्हटल्याबरोबर पोरे आमच्या हौद्यात चढली. मी मोजली, चौदा होती. कोण होती ती? गाडीमालकांची मुले नव्हती. ती मोबाइलवर चित्रे काढण्यात गुंतली होती. चढली ती वाडीवरची पोरे, ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले असतात आणि जी म्हाताऱ्यांपाशी मागे राहतात. त्यांच्यात आमचा एक होता, माझा चुलत भाऊ, नववीत शिकणारा. सगळी मागच्या फाळक्याशी दाटीवाटीने उभी, कारण वजन मागच्या चाकांवर पडावयास हवे. दोघे-तिघे तर फाळक्यावर बसून पाय बाहेर सोडून होते. खाली साखळी.

या वेळी आमच्या गाडीने पकड घेतली. किन्हवलीची गाडी मागे सरकू लागली, हात, दोन हात. लोक नाचू लागले. आणि साखळीचा आकडा तुटला.

आवाज बंदुकीसारखा झाला असे म्हणतात. मला तो आठवत नाही. मला आठवतो तो फाळक्यावरचा घाव. साखळीचे टोक उसळून आमच्या फाळक्यावर आदळले आणि जाड पत्रा पसाभर आत गेला. जेथे पाय लोंबत होते तेथून हातभर बाजूला. गाडी झटक्याने पुढे गेली तशी हौद्यातली पोरे एकमेकांवर पडली. कोणाचे कोपर सोलवटले, कोणाचा ओठ फुटला. बाकी कोणाला काही झाले नाही. क्षणभर सारे शांत आणि मग सगळे हसू लागले. पोरेही हसली. सामना बरोबरीत सुटला असे ठरवून दोघा मित्रांनी मिळून वडापाव दिले.

ताणलेली वस्तू तुटली म्हणजे तिच्यात साठलेला जोर कोठेतरी जातो. १९९७ साली तैवानमध्ये तैपेई येथे दीड हजारांवर माणसांची रस्सीखेच चालू असता दोर तुटला आणि दोघांचा एकेक हात खांद्याखालून गेला. तेथे नुसती माणसेच ओढीत होती. येथे दोन इंजिने होती. हे मी त्यानंतर वाचले. बांधावर उभी असताना मीही टाळ्याच वाजवीत होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी दादा भाजी घेऊन निघाला तेव्हा चढावर गाडी ओढेना. क्लच प्लेट जळली होती. जागच्या जागी उभ्या गाडीत इंजिन ओरडवीत क्लच अर्धा दाबून धरला की प्लेट घासून जळते, हे कोणताही चालक जाणतो. दादाही जाणत होता. गाडी तीन दिवस मिस्त्रीकडे. तीन रात्रींची भाडी गेली, भेंडी शेजारच्याच्या गाडीने पाठवावी लागली, आणि त्या महिन्याचा हप्ता थकला. गाडी अजून आमची नाही, कर्ज फिटेपर्यंत ती कर्ज देणाऱ्याची आहे. माझी परीक्षा फीदेखील याच गाडीच्या भाड्यातून येते. म्हणजे त्या दुपारी साखळीला काय काय बांधले होते, याचा हिशेब कोणी केला नव्हता.

विम्यातून काही मिळेल का म्हणून दादाने कागदपत्रांची पिशवी माझ्यापुढे टाकली. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. संध्याकाळभर शब्दकोश घेऊन बसले. त्यात स्पष्ट लिहिले होते की शर्यत, वेगाची चाचणी वगैरेंसाठी गाडी वापरली तर विमा लागू नाही. क्लच प्लेट झिजली तर ती तशीही मिळत नाहीच. मला धसका बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मालवाहू गाडीच्या हौद्यात कोणी बसावे याचा त्या कागदाला हिशेब आहे. माल चढवणारे-उतरवणारे मजूर, तेही नोंद करून जादा हप्ता भरला असेल तर. वजन म्हणून उभी केलेली चौदा पोरे त्यात कोठेच बसत नाहीत. ती मजूर नव्हेत, प्रवासी नव्हेत, मालही नव्हेत. साखळी हातभर इकडे आली असती तर त्या कागदाप्रमाणे त्यांना काही मिळणार नव्हते.

येथे मला बैलांची आठवण होते. बैलगाडी शर्यती आपल्या जिल्ह्याला किती प्रिय आहेत हे सांगावयास नकोच. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी त्यांवर बंदी आणली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तरी शर्यती अडलेल्याच राहिल्या. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. आता शर्यत भरवावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बैल धडधाकट असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. काठी, चाबूक, विजेचा झटका यांना मनाई आहे. धाव हजार मीटरच्या वर नेता येत नाही. हे नियम सगळीकडे पाळले जातात असे मी म्हणणार नाही. शर्यतीच्या वादातून नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथला गोळीबार झाला तो आपण वर्तमानपत्रांत वाचलाच आहे. तरी नियम आहेत, आणि ते असावेत म्हणून कितीतरी लोक वर्षानुवर्षे न्यायालयात भांडले. बैलाला बोलता येत नाही म्हणून त्याच्या वतीने कोणीतरी बोलले.

हौद्यातल्या पोरांना बोलता येते. परंतु त्यांना कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तर ती "चढतो" म्हणालीच असती, कारण गाडीत उभे राहणे हाच त्यांना त्या दिवसाचा मान होता. माझ्या चुलत भावाला मी रागावले तेव्हा तो म्हणाला, "ताई, माझ्यामुळेच गाडी हलली." आणि ते खोटेही नव्हते.

मग यावर बंदी घालावी काय? पंजाबात ऑक्टोबर २०२३ मध्ये गुरदासपूर जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या कसरती करताना एक तरुण चिरडून मेला आणि राज्य शासनाने अशा कसरतींवर बंदी घातली. कसरती वेगळ्या आणि ओढाओढ वेगळी, हे खरे. पण आपल्याकडे कोणी दगावला तर असेच होईल. बंदी येईल आणि मग लोक गुपचूप, रात्री, दिव्याच्या उजेडात ओढतील. बैलगाडी शर्यतींच्या बंदीच्या काळात आडवाटेच्या माळांवर काय चालत असे हे आपल्याकडच्या सर्वांना ठाऊक आहे. मला बंदी नको आहे. मला असे वाटते की, जो खेळ गावाला आवडतो तो गावाने उजळ माथ्याने, आपल्या जबाबदारीवर खेळावा. म्हणजे जत्रेच्या कमिटीने तो हातात घ्यावा आणि काही झाले तर "पोरांनीच केले" असे म्हणण्याची सोय कोणाला ठेवू नये.

त्यासाठी फार काही लागत नाही. हौद्यात माणूस चढता कामा नये, ही पहिली गोष्ट. आणि बाकी सगळ्या सोडल्या तरी ही सोडता येणार नाही. वजन हवे तर रेतीच्या गोण्या भराव्यात, दोन्ही गाड्यांत मोजून सारख्या. चौदा पोरांचे वजन चौदा गोण्यांत सहज होते. साखळीवर मध्यभागी दोन-तीन ओली पोती टाकावीत, म्हणजे ती तुटली तरी कमी उसळेल. लोकांना साखळीच्या लांबीच्या दीडपट तरी दूर उभे करावे. चाके जागीच फिरू लागली की पंचाने शिटी वाजवून थांबवावे, म्हणजे क्लच प्लेटही वाचेल आणि पुढचा हप्ताही.

त्याहून चांगला मार्ग अमेरिकेतल्या स्पर्धांचा आहे. तेथे दोन यंत्रे एकमेकांना बांधीतच नाहीत. प्रत्येकाने एक जड घसरगाडा ओढावयाचा. तो ओढू लागले की त्याच्यावरचे वजन आपोआप पुढे सरकत येते आणि ओढ वाढत जाते. जो जास्त लांब नेईल तो जिंकला. आपल्याला एवढे यंत्र नको. जाड फळ्यांचा तराफा करून त्यावर गोण्या रचल्या आणि दोन्ही गाड्यांनी तो आळीपाळीने ओढला तरी पुरे. आंध्रातले बैल हेच करतात.

हे मी दादाला सांगितले तेव्हा त्याने तोंड वाकडे केले. "बाय, तराफा ओढून काय करू? तराफा काय मला चिडवतोय?" त्याचे म्हणणे मला पटत नाही असे नाही. मित्राला ओढण्यात जे आहे ते फळ्या ओढण्यात नाही. समोरचा खिडकीतून मान वळवून हसतो आहे, आपण दात-ओठ खाऊन गिअर टाकतो आहोत, आणि दोघांच्यात एकच साखळी, ही गंमत तराफ्याला कोठून येणार? म्हणून तराफ्याचा आग्रह मी सोडला. गोण्यांचा सोडला नाही.

यंदा पौषात पुन्हा ओढाओढ ठरली आहे. या खेपेस किन्हवलीच्या बाजूला. ग्रामपंचायतीला द्यावयाचा अर्ज आणि खेळाच्या अटी मीच लिहून दिल्या. दादाने त्या किन्हवलीच्या चालकाला फोनवर वाचून दाखविल्या. अंतराची अट मान्य झाली, पोत्यांची झाली, शिटीची तर दोघांनाही आवडली. गोण्यांपाशी मात्र गाडी अडली. पलीकडून आवाज आला, "अठ्ठावीस गोण्या भरायच्या, उचलायच्या, परत खाली करायच्या. कोण करणार? माणसं आपली आपण चढतात आणि आपली आपण उतरतात."

दादाने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, गोण्या भरायला मी येते. माझ्या वर्गातल्या आठ जणी आणि पाच मुले यावयास तयार झाली आहेत. फावडी आमच्या घरची आहेत, रेती गावातूनच मिळेल. रिकाम्या गोण्या अजून दहा कमी पडतात. ज्यांच्या घरी असतील त्यांनी तेवढ्या आणून द्याव्यात.